घरातील गीझर आणि त्याचा पहारेकरी



वैशाखाच्या उकाड्यात गरम पाण्याचा विषय घेऊन व्यासपीठावर उभे राहणे काहींना अवेळीचे वाटेल. परंतु विहिरीचा गाळ उन्हाळ्यातच काढतात आणि घरावरची कौले पाऊस येण्यापूर्वीच चाळतात. त्याच न्यायाने न्हाणीघरातील गीझरच्या वायरिंगचा विचारही थंडी दारात येऊन उभी राहण्यापूर्वी केलेला बरा. म्हणून विजेवर पाणी तापवण्याची साधने आणि त्यांच्या वाटेवर बसवायचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, एवढाच विषय आम्ही आज घेतला आहे. विषय लहान आहे. पण त्यातील चूक घर जाळू शकते आणि माणूसही दगावू शकतो.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना तांब्याचा बंब आठवत असेल. मध्ये नळकांडे, खाली निखारे, वर धूर आणि भोवती पाणी. बंबाचा विस्तव डोळ्यांना दिसत असे. लाकूड बाहेर आले तर घरातले कोणीही ते आत सारत असे, आणि लहान मूल जवळ गेले तर आजी त्याला मागे ओढत असे. गीझर आला तसा धूर गेला, राख गेली आणि पहाटे उठून बंब पेटवण्याचा त्रासही गेला. विस्तव मात्र गेलेला नाही. त्याचा एक भाग टाकीच्या पोटात गेला आणि दुसरा भाग भिंतीच्या आत, तारेच्या रूपाने लपला. जो विस्तव दिसत नाही त्यावर पहारा बसवावा लागतो, आणि तो पहारा म्हणजे एमसीबी.

आता पहिला प्रश्न असा की, हा पहारेकरी रक्षण करतो कोणाचे? हा प्रश्न चारचौघांत विचारला तर बहुतेक उत्तर येते, "गीझरचे." काहीजण म्हणतात, "आंघोळ करणाऱ्या माणसाचे." ही दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. एमसीबी प्रथम रक्षण करतो ते तारेचे. बोर्डापासून गीझरपर्यंत भिंतीतून गेलेली जी तांब्याची तार आणि तिच्यावरचे जे पीव्हीसीचे वेष्टन, ते जळू नये एवढ्याचसाठी त्याची नेमणूक असते. आजच्या व्याख्यानातील ही मुख्य गोष्ट होय. बाकी जे सांगायचे आहे ते सारे यातूनच निघते.

तार तापते का, हे आधी पाहू. तारेतून वीज वाहू लागली की तार गरम होते, आणि ती किती गरम होते याचा नियम इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४१ साली मांडला. त्या नियमाप्रमाणे उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते; तिप्पट झाला तर नऊपट. गीझरच्या पोटातील कांडीत आपण याच नियमाने पाणी तापवतो. त्या कांडीत निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची बारीक तार असते. असा मिश्रधातू अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने १९०६ साली आपल्या नावावर नोंदवला, आणि तेव्हापासून शेगडी, इस्त्री, हीटर ही सारी साधने घराघरांत येण्याचा मार्ग मोकळा झाला. पण वीज काही कांडी आणि तार असा भेद जाणत नाही. जो प्रवाह कांडीतून जातो तोच भिंतीतील तारेतूनही जातो. कांडी तापावी आणि तार तापू नये, ही आपली इच्छा. ती पुरी करायची तर तार पुरेशी जाड हवी, एवढाच उपाय आहे.

प्रवाह किती, हे काढणे सोपे आहे. गीझरच्या अंगावर वॉट लिहिलेले असतात. त्यांना २३० व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा १३ अँपिअर, आणि स्वयंपाकघरात ताबडतोब गरम पाणी देणारा ४५०० वॉटचा छोटा गीझर १९.६ अँपिअर. हे आकडे दिव्यांच्या हिशेबात मांडले तर त्यांचा अर्थ अधिक लवकर ध्यानात येतो. ३००० वॉट म्हणजे आजच्या ९ वॉटच्या एलईडी दिव्यांसारखे सुमारे ३३३ दिवे. दिवाळीतही कोणी घरात इतके दिवे लावत नाही. पण न्हाणीघरात आपण रोज सकाळी एका बोटाने तेवढे लावतो.

शिवाय हा भार घटकाभराचा नसतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे तर १००० किलोकॅलरी उष्णता लागते. ३००० वॉटच्या गीझरला त्यासाठी सुमारे २३ मिनिटे लागतात, २००० वॉटच्या गीझरला सुमारे ३५. घरात पाच माणसे एकामागून एक आंघोळ करणारी असली तर हा प्रवाह तासन् तास वाहत राहतो. वसतिगृहे, लॉज, मंगल कार्यालये येथे तर विचारूच नका. मिक्सर दोन मिनिटे चालतो आणि थांबतो; तार तापायच्या आत काम संपते. गीझर तारेला तशी उसंत देत नाही. अमेरिकेतील वायरिंगच्या नियमांत साठवणीच्या घरगुती गीझरला याच कारणाने अखंड चालणारा भार मानतात आणि त्याच्या प्रवाहाच्या सव्वापट धरून तार व खटका ठरवतात. आपल्याकडील मानकाची रीत वेगळी आहे, पण त्यामागचा विचार हाच आहे.

आता पहारेकऱ्याकडे वळू. पूर्वी हे काम चिनी मातीच्या फ्यूजकडे होते. त्यात बारीक तार असे. प्रवाह वाढला की ती वितळे आणि वाट तुटे. फ्यूज प्रामाणिक होता, लबाडी माणसाची. तार उडाली की हाताशी असेल ती जाड तार गुंडाळायची, एवढे ज्ञान प्रत्येक घरात होते. १९२४ साली जर्मनीतील मॅनहाइम येथे हुगो स्टोट्झ याच्या कारखान्यात हाइनरिख शाख्टनर या अभियंत्याच्या साहाय्याने पुन्हा वर करता येणारा लहान खटका तयार झाला. आजच्या एमसीबीचा तो पूर्वज होय. त्यात गुंडाळायला तार नाही, म्हणून ती जुनी लबाडी संपली. तिच्या जागी नवी कोणती आली, ते पुढे सांगू.

एमसीबीच्या पोटात दोन शिपाई असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची एकमेकींस चिकटवलेली पट्टी. तापली की एक धातू अधिक फुगतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. प्रवाह ठरावीक मर्यादेबाहेर बराच वेळ राहिला तर पट्टी वाकत वाकत खटका पाडते. हा शिपाई सावकाश काम करतो, आणि ते योग्यच आहे, कारण तारही सावकाशच तापते. दुसरा शिपाई म्हणजे विद्युच्चुंबकाचे वेटोळे. कोठे दोन तारा एकमेकींना चिकटल्या आणि प्रवाह एकदम शेकडो अँपिअर झाला तर ते क्षणार्धात खटका ओढते.

पहिला शिपाई किती सावकाश आहे, हे प्रत्येकाने समजून घ्यावे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर एक काटा गेला की पडतो, अशी समजूत आहे. तसे नाही. मानकाप्रमाणे नेमल्या प्रवाहाच्या १.१३ पटीवर तो तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीवर तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअर बिनतक्रार जाऊ देईल, आणि २३ अँपिअरवरही पाऊण तास वाट पाहू शकेल. हे आकडे ३० अंश उष्णतेवरचे आहेत. बंद पेटीत, शेजारी शेजारी चिकटून बसलेले पाचसहा एमसीबी एकाच वेळी तापलेले असले तर पट्टी आधीच थोडी वाकलेली असते आणि खटका त्याआधीही पडू शकतो. गीझरचा एमसीबी उन्हाळ्यात उगाच पडतो अशी तक्रार येते, तेव्हा कित्येकदा कारण हेच असते. त्यावर उपाय म्हणजे पेटीत मोकळी जागा ठेवणे आणि स्क्रू घट्ट करणे.

एवढी तयारी झाल्यावर निवडीचा नियम दोन ओळींत सांगता येतो. एमसीबीचा आकडा गीझरच्या प्रवाहापेक्षा लहान नसावा, आणि तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा. खालची मर्यादा गीझर ठरवतो, वरची मर्यादा तार ठरवते. भारतीय मानक ७३२ मध्ये वायरिंगचे जे शास्त्र सांगितले आहे, त्यातील या विषयापुरते सार इतकेच.

पण तारेची क्षमता म्हणजे काय? येथे दुकानातील तोंडी हिशेब आणि खरा हिशेब यांत अंतर पडते. ३००० वॉटचा गीझर आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेऊ. भिंतीतील पाइपातून गेलेली ही तार भोवतालची उष्णता ३० अंश असताना २४ अँपिअर वाहू शकते. आपल्या हवेत हिशेब ४० अंशांवर करावा; विदर्भ-खानदेशात तर पारा त्याच्याही वर जातो. ४० अंशांसाठी २४ ला ०.८७ ने गुणावे लागते. उरले जेमतेम २१. त्याच पाइपातून दुसऱ्या एखाद्या मंडलाच्या, म्हणजे सर्किटच्या, तारा गेल्या असतील तर त्या एकमेकींना तापवतात. म्हणून पुन्हा ०.८ ने गुणा, उरले १६.७. गीझरचा प्रवाह १३. म्हणजे १३ आणि १६.७ यांच्या मध्ये बसणारा एमसीबी हवा, आणि तो आहे १६ चा. या तारेवर २० चा बसवला तर तो वरची मर्यादा ओलांडतो.

४५०० वॉटच्या गीझरचे तसेच पाहा. प्रवाह १९.६, म्हणजे १६ चा चालणार नाही, २० चा हवा. तर मग तार अडीचची चालणार नाही. चार चौरस मिलिमीटरची तार ३० अंशांवर ३२ अँपिअर वाहते, ०.८७ आणि ०.८ ने गुणून उरतात २२. यावर २० चा एमसीबी बसतो. पण १९.६ आणि २० यांत अंतर फारच थोडे आहे. पेटी तापली की खटका पडू लागेल; अशा जागी गीझरची तार स्वतंत्र पाइपातून न्यावी. मग ०.८ चा गुणक लागत नाही, क्षमता सुमारे २८ राहते, आणि २५ चा एमसीबी सुखाने बसवता येतो. एमसीबी मोठा करण्याचा अधिकार तार मोठी करूनच मिळतो, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

आता ती नवी लबाडी. जुन्या घरांचे वायरिंग दिवे आणि पंखे यांच्यापुरते केलेले असते. पुढे गीझर येतो आणि तो जवळच्याच बोर्डावर जोडला जातो. त्याच तारेवर नंतर पाण्याची कांडी, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र अशी भर पडते. एके दिवशी सकाळच्या घाईत एमसीबी पडतो. वर केला की पाच मिनिटांनी पुन्हा पडतो. मुलाची शाळा, आपली कचेरी, सासऱ्यांची पूजा सारे खोळंबते. वायरमनला बोलावतात, आणि वायरमन सुज्ञ नसला तर १६ चा काढून ३२ चा बसवतो. एमसीबी पडायचा थांबतो, घरात आनंद होतो आणि चहा होतो. पण झाले काय? ज्या तारेची क्षमता १६.७ अँपिअर होती, तिच्यावरचा नवा पहारेकरी ३६ अँपिअरपर्यंत तोंडातून अवाक्षर काढणार नाही. ३६ म्हणजे क्षमतेच्या दुपटीहून अधिक, आणि जूलच्या नियमाने उष्णता साडेचारपटीहून अधिक. पीव्हीसीचे वेष्टन ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. ते कडक होते, तडकते, काळवंडते. आणि हे सारे भिंतीच्या आत, कोणाच्या दृष्टीस न पडता. आग लागते त्या दिवशी लोक म्हणतात, "शॉर्ट सर्किट झाले." शॉर्ट सर्किट त्या दिवशी झाले हे खरे, पण त्याची सुरुवात ३२ चा एमसीबी बसवला त्या सकाळीच झालेली असते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एकटा गीझर तारेवर जादा भार कधीच टाकत नाही. त्याच्या कांडीचा रोध ठरलेला असतो. ३००० वॉटला सुमारे साडेसतरा ओहम. व्होल्टेज उतरले तर मोटार अधिक प्रवाह मागते, गीझर मात्र कमी घेतो. २०० व्होल्टवर त्याचे १३ चे ११.३ अँपिअर होतात आणि पाणी उशिरा तापते, इतकेच. जादा भार होतो तो शेजाऱ्यांमुळे. म्हणून गीझरला बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. तिच्यावर दुसरे काहीही जोडू नये.

कांडीच्या हीटरविषयी एक शब्द. १५०० वॉटची कांडी ६.५ अँपिअर घेते. तिला सहा अँपिअरच्या लहान प्लगात जोडता यावे म्हणून बाजारात जोडप्लग मिळतात. त्या मंडलावर ६ चा एमसीबी असला तरी ६.५ म्हणजे फक्त १.०८ पट, १.१३ च्या आत. एमसीबी पडणार नाही आणि लहान प्लग मात्र रोज भाजत राहील. पाण्याची कांडी १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगावरच लावावी, आणि पाण्यात बोट घालून ते तापले का हे पाहण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा.

एमसीबी विकत घेताना आकड्याच्या आधी एक अक्षर छापलेले दिसते. बी, सी किंवा डी. हे अक्षर दुसऱ्या शिपायाचे, म्हणजे चुंबकाचे आहे. बी प्रकारचा एमसीबी नेमल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पटीत तत्काळ पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीत, आणि डी प्रकारचा १० ते २० पटीत. इतके प्रकार कशाला? कारण मोटार सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाचसात पट ओढते. वातानुकूलन यंत्र किंवा पाण्याचा पंप यांवर बी बसवला तर तो दर वेळी विनाकारण पडेल. तेथे सी हवा. गीझर मात्र थंड असो की गरम, त्याचा प्रवाह जवळजवळ सारखाच. तो मोटारीसारखी उसळी मारत नाही. म्हणून गीझर, शेगडी, हीटर यांना बी प्रकार शोभतो.

दुकानदार सी देतो, कारण तो सगळीकडे चालतो. सी बसवला म्हणून लगेच अनर्थ होतो असे नाही. पण फरक कोठे पडतो ते पाहा. १६ चा बी तत्काळ पडेल याची खात्री ८० अँपिअरला मिळते, सी ला १६०. दोष निर्माण झाला असता ८० अँपिअर वाहण्यासाठी साऱ्या वाटेचा रोध २.९ ओहमच्या आत हवा, १६० साठी १.४ च्या आत. लांबच्या घरात, बारीक तारांवर हा फरक मोठा ठरतो. ज्या भाराला सी ची सवलत नको आहे त्याला ती देऊ नये, हे बरे. अक्षराच्या खाली चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. शॉर्ट सर्किट झाले असता इतके अँपिअर तोडण्याची त्या एमसीबीची ताकद आहे, असा त्याचा अर्थ. घरगुती वापरात ६००० सामान्यतः पुरतो. रोहित्र अगदी दाराशी असेल तर १०००० चा विचार करावा.

आतापर्यंत पहारेकऱ्याचे गुण सांगितले. आता त्याला जे दिसत नाही ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण पहारेकऱ्यावर भलताच विश्वास टाकणे हे पहारेकरी नसण्याइतकेच वाईट.

पहिली गोष्ट, सैल स्क्रू. प्लगात, बटणात किंवा एमसीबीच्याच तोंडाशी तार सैल बसली तर तेथे थोडा रोध उत्पन्न होतो. समजा तो अर्धा ओहम आहे. १३ अँपिअरच्या आसपास प्रवाह असता त्या एका टिंबाएवढ्या जागी सुमारे ८० वॉट उष्णता निघते, इस्त्रीच्या टोकासारखी. आणि प्रवाह? तो वाढत नाही. उलट किंचित कमी होतो. एमसीबीच्या दृष्टीने सारे आलबेल असते. प्लग काळा पडणे, जळका वास येणे, बटण गरम लागणे हीच येथे सूचना. ती आपल्या नाकाने आणि हाताने घ्यायची असते.

दुसरी गोष्ट, पाण्याची उकळी. थर्मोस्टॅट बिघडला आणि कांडी बंदच झाली नाही तरी प्रवाह १३ चाच राहतो. टाकीत वाफ कोंडली हे एमसीबीला कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी गीझरमध्ये उष्णतेचा दुसरा तोड आणि दाब सोडणारी झडप असते. पाणी गळते म्हणून त्या झडपेचे तोंड बंद करणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून विनंती आहे की तसे करू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. कांडीचे बाहेरचे आवरण धातूचे, आत बारीक तार, आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. आवरणाला चीर पडली की पाणी आत शिरते आणि वीज टाकीच्या अंगावर, तेथून पाण्यात येते. आपण म्हणतो, अर्थिंग आहे, एमसीबी पडेल. हिशेब करून पाहू. घराच्या अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध २० ओहम झाला आहे असे धरा. २३० व्होल्टला २० ने भागले तर ११.५ अँपिअर. १६ चा एमसीबी ११.५ ला काय म्हणून पडेल? दोष कांडीच्या मध्यावर असेल तर वाटेत अर्ध्या कांडीचा रोधही येतो, आणि जमिनीत जाणारा प्रवाह ८ अँपिअरच राहतो. एमसीबी शांत बसतो, गीझरचे अंग जिवंत राहते, आणि ओल्या अंगाचा माणूस नळाला हात लावतो. ८ अँपिअर तारेला काहीच नाहीत. माणसाला मात्र अँपिअरचा काही हजारावा भागदेखील स्नायू आखडवण्यास पुरतो, आणि थोडा अधिक झाला की हृदय थांबवण्यास.

म्हणून माणसाचे रक्षण करणारा पहारेकरी निराळा आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो. गेला तितका परतला तर ठीक. ३० मिलिअँपिअरची तूट आली की वाट तोडतो. मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदात, आणि १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदात तो पडला पाहिजे. पण त्याला जादा भार कळत नाही. म्हणून तो एमसीबीच्या जोडीने बसवावा, किंवा दोन्ही कामे एकाच डबीत करणारा आरसीबीओ घ्यावा. माणसाचा एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर तोही उपयोगी पडत नाही, आणि अर्थिंगची जागा तो घेत नाही. तरीही न्हाणीघराच्या बाबतीत त्याच्याइतका प्राण वाचवणारा दुसरा स्वस्त सेवक नाही.

या आरसीसीबीचा एक उपद्रव आहे. गीझर अनेक महिने बंद राहिला की कांडीतील पूड हवेतील ओलावा शोषते आणि थंडीच्या पहिल्या सकाळी आरसीसीबी पडतो. लोक चिडतात, आणि वायरमनकडून तो काढून टाकवून घेतात. अशा वेळी कांडी तपासून घ्यावी, जुनी असेल तर बदलावी. कांडीचा खर्च थोडा असतो. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला घालवून देणाऱ्याच्या घरी चोरी झाली तर दोष कोणाला द्यावा?

आता घरी गेल्यावर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. गीझरच्या अंगावरचे वॉट वाचावेत आणि २३० ने भागावेत. तार किती मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर दुसरे काही जोडले आहे काय, हे वायरमनला विचारावे. मग एमसीबीचा आकडा पाहावा. ३००० वॉटपर्यंतच्या गीझरला अडीचची स्वतंत्र तार आणि बी १६ हा मेळ बहुतेक घरांस योग्य ठरेल. एमसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे दोन खांबी असावा. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी गीझर वीजेपासून पुरता अलग होतो. आरसीसीबीवर टी लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर तो पडला नाही तर तो मेला आहे असे समजून बदलावा. अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. वसतिगृह किंवा लॉज चालवणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे ९००० वॉटचे तीन फेजचे मोठे तापक आहेत, त्यांनी तिन्ही फेज एकदम तोडणारा एमसीबी बसवावा. एक फेज तुटून दोन जिवंत राहिले तर दुरुस्ती करणाऱ्याची फसगत होते. आणि पेटी उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

कोणी म्हणेल, एवढा खर्च भाड्याच्या घरात कोण करणार? घरमालक म्हणतो भाडेकरूने करावा, भाडेकरू म्हणतो मालकाने. हा वाद आमच्याने सुटणार नाही. परंतु भिंतीतील तार दोघांचाही करारनामा वाचत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी रंगरंगोटीच्या वर्षी वायरिंगची तपासणीही ठरावात घालावी, एवढी सूचना आम्ही येथे करून ठेवतो. पेटीतल्या प्रत्येक एमसीबीखाली तो कोणत्या तारेचा आहे आणि ती किती मिलिमीटरची आहे हे एका चिठ्ठीवर लिहून लावले, तर पुढे येणारा प्रत्येक वायरमन १६ च्या जागी ३२ चा बसवण्यापूर्वी ती चिठ्ठी वाचेल. चिठ्ठीला पैसे पडत नाहीत.

आणि पुढच्या थंडीत एखाद्या सकाळी एमसीबी पडला, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी आज त्या तारेवर जादा काय जोडले आहे, एवढे पाहावे. ते काढावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग खटका वर करावा. तरीही पडला तर वायरमनला बोलवावे आणि त्याला सांगावे, "एमसीबी बदलू नका, आधी तार पाहा."